परतीचा प्रवास कोठे संपतो?

आखाती देशात गेलेल्या कामगाराला पगार मिळत नसेल, मालक छळत असेल किंवा व्हिसाची मुदत संपली असेल, तर तो सरळ घरी का येत नाही, हा प्रश्न परदेशातील मजुरीविषयी बोलणे निघाले की हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा मुंबईला कामासाठी गेलेला आणि काम न जमल्याने पुढच्या गाडीने गावी परतलेला माणूस असतो, आणि दुबई किंवा रियाध म्हणजे थोडी लांबची मुंबईच, असे त्याला वाटत असते. तेलंगणातील करीमनगर, जगत्याल, निजामाबाद, कामारेड्डी, निर्मल आणि राजन्ना सिरसिल्ला या जिल्ह्यांत तर ही समजूत बोलण्यातच उतरली आहे : पोटासाठी गाव सोडणाऱ्यापुढे ‘बोग्गुबायी, बोंबायी, दुबायी’ अशा तीन वाटा असतात, असे तेथे म्हणतात. बोग्गु म्हणजे कोळसा, आणि बायी म्हणजे विहीर, मराठीतील बाव आणि बावडी यांची आठवण करून देणारा शब्द. म्हणजे पहिली वाट सिंगरेणीच्या कोळसाखाणीची, दुसरी मुंबई-भिवंडीच्या मागांची आणि बांधकामांची, तिसरी आखाताची. तीन नावे एका यमकात बसली, तरी परत येण्याच्या दृष्टीने ती एका रांगेत बसत नाहीत. पहिल्या दोन ठिकाणांहून माणूस स्वतःच्या मर्जीने उठून येऊ शकतो; तिसऱ्या ठिकाणाहून निघण्यासाठी त्याला दुसऱ्याची संमती, एक वैध कागद आणि पुष्कळदा दंडाची माफी लागते.

हा विषय मराठी वाचकाला परका नाही. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद, बिलोली, देगलूर हे तालुके याच पट्ट्याला लागून आहेत, १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि कोकणातील अनेक गावांचे अर्थकारण कित्येक वर्षे आखाताच्या मनीऑर्डरींवर उभे राहिले आहे. तरीही जाण्याविषयी जितके लिहिले जाते, त्याच्या दशांशही परतण्याविषयी लिहिले जात नाही.

१. परतण्याचे प्रकार

परतणे हा एकच शब्द असला, तरी त्यात निरनिराळ्या गोष्टी येतात. परक्या देशाचे सरकार माणसाला पकडून विमानात बसवते, ती हद्दपारी होय. युद्ध किंवा साथ आल्यामुळे मायदेशाचे सरकार आपल्या लोकांना बाहेर काढते, ती सुटका. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावल्यावर एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे आणले गेले, आणि ७ मे २०२० पासून ‘वंदे भारत’ मोहिमेत कोरोनामुळे अडकलेल्यांना आणले गेले, ही त्याची दोन ठळक उदाहरणे. तिसरा प्रकार माफीकाळाचा : आखाती देश अधूनमधून काही आठवड्यांची मुदत जाहीर करतात आणि त्या मुदतीत कागदपत्रे संपलेल्या परदेशी माणसाला दंड न भरता निघून जाऊ देतात. संयुक्त अरब अमिरातीचा अलीकडचा असा काळ १ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला आणि मुदतवाढीनंतर ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला.

या प्रकरणाचा विषय असलेला चौथा प्रकार जगभर ‘साहाय्यित स्वेच्छा परतणी आणि पुनर्स्थापन’ अशा लांबलचक नावाने ओळखला जातो. त्यात तीन गोष्टी एकत्र येतात. माणसाने परतायचे स्वतः ठरवलेले असते. समुपदेशन, प्रवासाचा कागद आणि तिकीट यांची मदत त्याला दिली जाते. आणि गावी पोचल्यावर त्याचे बस्तान पुन्हा बसावे म्हणून काही काळ आधार दिला जातो. पुनर्स्थापन हा शब्द पुनर्वसनापेक्षा वेगळा ठेवला पाहिजे. धरणग्रस्ताचे पुनर्वसन होते तेव्हा त्याला नव्या जागी वसवायचे असते. परतलेल्या कामगाराला मात्र त्याच्या जुन्याच जागी, जी त्याच्या पाठीमागे बदलून गेलेली असते, पुन्हा बसवायचे असते, आणि हे दुसरे काम पहिल्यापेक्षा सोपे आहे असे समजण्याचे कारण नाही.

१९५१ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना असे कार्यक्रम १९७९ पासून चालवीत आली आहे. सुरुवात जर्मनीतून झाली, आणि २०१६ या एका वर्षात सुमारे ९८ हजार लोक या मार्गाने आपापल्या देशी परतले. भारत २००८ मध्ये या संघटनेचा सदस्य झाला. मात्र या कार्यक्रमांचा मोठा भाग युरोपातून परतणाऱ्यांसाठी राहिला आहे. तेलंगणातील कामगार बहुसंख्येने आखातात आहे, आणि तेथून परतताना हीच मदत त्याला एका छत्राखाली न मिळता तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या दारांवर गोळा करावी लागते.

२. ‘स्वेच्छा’ म्हणजे काय

ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि उचल फिटेपर्यंत त्याला फड सोडता येत नाही, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. कोणी त्याला साखळीने बांधलेले नसते, पण त्याचे पाय मोकळेही नसतात. आखाती कामगाराच्या बाबतीत असे दोन फास असतात : एक गावातील कर्जाचा आणि दुसरा परदेशातील कायद्याचा.

दुसऱ्या फासाचे नाव कफाला. या पद्धतीत परदेशी कामगाराचा व्हिसा एका मालकाच्या नावाशी बांधलेला असतो आणि त्या मालकाला कफील म्हणतात. सौदी अरेबियात राहण्याच्या परवान्याला इकामा म्हणतात. त्याचे नूतनीकरण करणे मालकाच्या हाती असते, आणि मालकाने ते केले नाही तर दोष त्याचा असूनही बेकायदा ठरतो तो कामगार. कामगार काम सोडून गेला अशी तक्रार मालकाने नोंदवली की त्याच्या नावावर ‘हुरूब’, म्हणजे पळून गेल्याचा शिक्का बसतो. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे कायद्याला मान्य नसले, तरी ते सर्रास घडते. कतारने २०१८ ते २०२० या काळात आणि सौदी अरेबियाने २०२१ मध्ये हे नियम बरेच सैल केले, परंतु घरगुती नोकरांसारखे सर्वांत दुबळे कामगार अनेकदा या सुधारणांच्या बाहेरच राहिले.

याखेरीज ‘आझाद व्हिसा’ नावाचा एक प्रकार तेलंगणच्या गावांत फार लोकप्रिय आहे. त्यात कागदावर एक कफील असतो आणि काम मात्र कोठेही शोधायचे असते. नावात आझादी असली तरी कायद्याच्या नजरेत हा माणूस पहिल्या दिवसापासून गुन्हेगार असतो. कागद संपलेल्या अशा माणसाला आखातातील बोलीत ‘खल्लीवल्ली’ म्हणतात. मूळ अरबी शब्दांचा आशय ‘जाऊ दे, सोडून दे’ असा आहे, आणि माणसाला हे नाव पडावे यातच त्याची अवस्था कळून येते.

अशा माणसाच्या परतीचा खर्च किती होतो, हे एका छोट्या उदाहरणाने समजेल. अमिरातीत मुदतीनंतर राहणाऱ्याला रोज ५० दिरहम दंड लागतो. महिना १,००० दिरहम मिळवणारा कामगार २०० दिवस अडकून पडला, तर दंड १०,००० दिरहम होतो, म्हणजे त्याने दहा महिने एक घासही न खाता साठवलेला सगळा पगार. त्यामुळे तो निघत नाही, लपून काम करतो, रोज दंड वाढतो आणि वाढलेल्या दंडामुळे निघणे आणखी अवघड होते. माफीकाळ हा फास काही आठवडे सैल करतो. म्हणून दुबई किंवा कुवेतमधील भारतीय वकिलातींबाहेर त्या काळात रांगा लागतात, आणि ज्यांचा पासपोर्ट हाती नाही त्यांना तेथे ‘आउटपास’ मिळतो : फक्त एकदा, फक्त मायदेशी परतण्यासाठी चालणारा प्रवासाचा कागद.

स्वेच्छेने परतणे म्हणण्यासाठी दोन अटी मानल्या जातात. निर्णयामागे धाकदपटशा नसावा, आणि निर्णय घेणाऱ्याला खरी, वेळेवर आणि निःपक्षपाती माहिती मिळालेली असावी. माफीकाळातील रांगेत उभा असलेला माणूस पहिल्या अटीत अर्धा बसतो आणि दुसरीत बहुधा बसतच नाही, कारण मागे राहिलेल्या पगाराचे काय होईल, हे त्या रांगेत त्याला सांगणारे कोणी नसते.

३. एक जुना धडा : दक्षिण आफ्रिका, १९२७

पैसे देऊन माणसाला मायदेशी पाठवण्याची कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात मॉरिशस, नाताळ, गयाना, फिजी येथे गेलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारबद्ध मजुरांच्या, करारांत परतीच्या भाड्याची सोय असे, आणि ती सोय पुढे मळेवाल्यांना जड वाटू लागली तेव्हा अनेक ठिकाणी कमी किंवा बंद केली गेली. पण आजच्या योजनेचे थेट पूर्वरूप पाहायचे असेल, तर १९२७ चा केपटाउन करार पाहावा लागतो. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला तेथील भारतीयांची संख्या कमी करायची होती. भारत सरकारशी झालेल्या या समझोत्यानुसार, जो भारतीय आपणहून देश सोडेल त्याला मोफत प्रवास, प्रौढास २० पौंड आणि मुलास १० पौंड देण्याचे ठरले. भारतात उतरल्यावर त्यांची विचारपूस करण्याची आणि त्यांना कामाला लावण्याची जबाबदारी भारत सरकारने पत्करली.

कागदावर ही योजना आजच्या कोणत्याही योजनेइतकी नीटस होती. प्रत्यक्षात काय घडले, हे भवानी दयाल संन्यासी आणि बनारसीदास चतुर्वेदी यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातून पुढे आले. परतलेल्यांपैकी अनेकांचा जन्मच आफ्रिकेत झालेला होता आणि ज्या गावाला ते ‘घर’ म्हणून आले तेथे त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. समुद्रापार गेलेल्यांना जातीने जवळ केले नाही. हाती आलेले पौंड थोड्या दिवसांत संपले. निरनिराळ्या वसाहतींतून परतलेले असे हजारो लोक तर गावी न टिकल्याने कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्ज भागात हलाखीत राहिले आणि पुन्हा वसाहतीत पाठवा अशी विनवणी करू लागले. स्वातंत्र्यपूर्व काळातील या अनुभवाची आठवण आज फारशी कोणाला नाही, हे दुर्दैव आहे, कारण बंदरावर संपणारी मदत म्हणजे केवळ वाहतूक, हे त्यातून तेव्हाच सिद्ध झाले होते. पाठवणाऱ्या देशाला माणूस नकोसा झालेला असताना त्याच देशाने दिलेल्या पैशाला ‘स्वेच्छा’ म्हणावे काय, हा प्रश्नही तेव्हापासून उभा आहे. पश्चिम जर्मनीने १९८३ च्या कायद्याने बेकार झालेल्या तुर्की आणि अन्य कामगारांना परत जाण्यासाठी १०,५०० मार्क देऊ केले, तेव्हाही तो विचारला गेला.

४. कर्जाची वही

आता पहिल्या फासाकडे, म्हणजे गावातील कर्जाकडे वळावे लागेल, कारण परतणीचे खरे गणित तेथे आहे. कायद्याने नोंदणीकृत भरती-एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्कापोटी ३०,००० रुपये आणि त्यावरील कर एवढेच घेता येतात. प्रत्यक्षात गावातील उपएजंट याच्या कितीतरी पट मागतो, आणि ती रक्कम खासगी सावकाराकडून उभी राहते.

समजा, एका कामगाराने दीड लाख रुपये महिना शेकडा तीन दराने घेतले. त्याचे महिन्याचे व्याज ४,५०० रुपये. पगार १,००० दिरहम, त्यातील ३०० तेथील जेवणखाणाला गेले, आणि एका दिरहमचे २३ रुपये धरले तर उरलेल्या ७०० दिरहमचे १६,१०० रुपये घरी येतात. घरखर्चाला ८,००० आणि व्याजाला ४,५०० गेल्यावर मुद्दलासाठी ३,६०० उरतात. सोपेपणासाठी व्याज मूळ रकमेवरच कायम धरले, तर सहा महिन्यांत २१,६०० रुपये फिटतात आणि १,२८,४०० शिल्लक राहतात. येथपर्यंत सर्व ठीक आहे. पण सातव्या महिन्यापासून मालकाने पगार थांबवला आणि कामगार आज मिळेल, उद्या मिळेल म्हणून चार महिने थांबला, तर व्याजाचे १८,००० आणि उधारीवर चाललेल्या घराचे ३२,००० त्यात मिळून कर्ज १,७८,४०० रुपये होते. दहा महिने राबून हा माणूस निघाला त्या दिवसापेक्षा अधिक कर्जबाजारी होऊन परततो. त्याचे तिकीट कोणी काढून दिले आणि तिकिटाचे पंधरा हजार धरले, तरी ते या कर्जाच्या अकराव्या हिश्शाहूनही कमी आहेत.

म्हणूनच तिकीट ही सर्वांत दिसणारी आणि सर्वांत लहान मदत होय. प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तरही याच वहीत आहे : तो घरी येत नाही, कारण घरी सावकार उभा आहे, आणि घराची पत त्याच्या दुबईत असण्यावर टिकून आहे. बहिणीचे लग्न त्याच भरवशावर ठरलेले असते, स्लॅबचे घर अर्धे उभे असते. रिकाम्या हाताने परतलेल्याला गाव उघडपणे हिणवत नसेलही, पण तो लग्नकार्याला जाणे टाळतो, दिवसा बाहेर पडत नाही, पिऊ लागतो. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने २०१७ मध्ये पुनर्स्थापनाची व्याख्या करताना कमाई, समाजातील स्थान आणि मनःस्वास्थ्य या तिन्ही गोष्टी एकत्र धरल्या, त्यामागे हेच कारण आहे. त्या व्याख्येत आणखी एक मोलाचा विचार आहे. परतलेला माणूस पुन्हा परदेशी गेला म्हणून योजना फसली असे होत नाही. तो नाइलाजाने गेला की निवड करून गेला, एवढेच पाहायचे असते.

५. हैदराबादेत कोणती दारे आहेत

शमशाबादच्या विमानतळावर उतरलेल्या कामगारासाठी काय आहे, हे पाहण्यापूर्वी जाताना त्याने काय बरोबर नेले होते ते पाहावे लागते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार, दहावी न झालेल्या कामगाराला आखातासह काही ठरावीक देशांत नोकरीला जाण्यासाठी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि त्याचे एक कार्यालय हैदराबादेत आहे. या मंजुरीबरोबर ‘प्रवासी भारतीय विमा योजना’ येते : दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख रुपये, आणि कामगाराचा दोष नसताना नोकरी मध्येच तुटली तर ठरावीक अटींवर परतीचे भाडेही. नोंदणीकृत एजंटाने सरकारकडे ठेवलेल्या हमीतूनही कामगाराला परत आणण्याचा खर्च भागवता येतो. पर्यटक व्हिसावर, उपएजंटाच्या भरवशावर गेलेल्याला यांतले काहीही मिळत नाही. परतण्याची तयारी जाण्याच्या दिवशीच करायची असते, ती या अर्थाने.

परदेशात अडकलेल्यासाठी २००९ मध्ये ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ सुरू झाला. दूतावास ज्या सेवा देतात त्यांवरील छोट्या शुल्कातून तो उभा राहतो आणि त्यातून गरजूचा निवारा, तिकीट, कायदेशीर मदत, काही किरकोळ दंड, आणि दुर्दैवाने वारंवार लागणारा मृतदेह पाठवण्याचा खर्च भागवला जातो. स्त्रियांच्या बाबतीत नियम अधिक कडक आहेत : मंजुरी लागणाऱ्या देशांत घरकामासाठी जाणाऱ्या स्त्रीचे वय किमान ३० असावे लागते आणि तिची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी लागते. नियम रक्षणासाठी आहे, पण त्याला वळसा घालून पर्यटक व्हिसावर गेलेली स्त्री संकटात सापडली की तिच्या नावाची नोंदच कोठे नसते, आणि परतीच्या वेळी सर्वांत जास्त खटपट तिच्याच वाट्याला येते.

तेलंगण सरकारची ‘टॉमकॉम’ ही भरती-संस्था हैदराबादेतून चालते. २०२४ मध्ये राज्याने आखातात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला ५ लाख रुपये देण्याचे ठरवले आणि शहरातील प्रजाभवनात स्थलांतरितांच्या तक्रारींसाठी वेगळी खिडकी उघडली. ही दोन्ही पावले योग्यच आहेत. पण मृताच्या वारसाला जितक्या ठामपणे मदत मिळते, तितक्याच ठामपणे जिवंत परतलेल्याच्या कर्जाचा आणि कामाचा विचार व्हायला हवा. केरळने हे बऱ्याच आधी ओळखले. तेथे परतलेल्यांना धंद्यासाठी ३० लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला कर्ज मिळते, भांडवलावर १५ टक्के म्हणजे जास्तीत जास्त ३ लाखांचे अनुदान आणि पहिली चार वर्षे व्याजात ३ टक्के सवलत मिळते. शिवाय प्रवासी कल्याण मंडळाचे निवृत्तिवेतन आहे. अर्थात कर्जबाजारी माणसाला आणखी एक कर्ज, एवढाच याचा अर्थ होऊ शकतो, आणि ज्याने पंधरा वर्षे क्रेन चालवली त्याला किराणा दुकान काढायला लावणे हे काही पुनर्स्थापन नव्हे. आधी सावकाराचे कर्ज बँकेकडे वळवणे, मग त्याच्या हातच्या कौशल्याला इकडे दाखला आणि काम मिळवून देणे, आणि धंदा त्यानंतर, असा क्रम अधिक शहाणपणाचा आहे. कोरोनाकाळात परतणाऱ्यांच्या कौशल्यांची नोंद घेण्यासाठी केंद्राने ‘स्वदेस’ नावाची यादी सुरू केली, ती या दिशेची होती.

६. मागे राहिलेला पगार

परतणाऱ्याची सर्वांत मोठी ठेव बहुधा परदेशातच राहते, आणि ती म्हणजे न मिळालेला पगार, नोकरी संपताना मिळायची उपदानाची रक्कम आणि न घेतलेल्या रजांचे पैसे. २०२० मध्ये हजारो कामगार या रकमा सोडून विमानात बसले. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्राने आखातासाठी ठरवलेले किमान संदर्भ-वेतन, म्हणजे ज्याच्या खाली भारतीय कामगाराची भरती होऊ नये असा पगार, ३० ते ५० टक्क्यांनी कमी केले. उपदानाचा हिशेब पगारावरच होत असल्याने ही कपात परतणाऱ्यालाही लागणार होती. हैदराबादेत तेलंगण उच्च न्यायालयात तिला आव्हान दिले गेले आणि जुलै २०२१ मध्ये पूर्वीचे दर पुन्हा लागू झाले. संघटित मागणीला यश येते, याचे हे हैदराबादचेच उदाहरण आहे.

म्हणून माफीकाळ असो वा नसो, परतणाऱ्याने निघण्यापूर्वी मागे राहिलेल्या रकमेची तक्रार तेथील कामगार कार्यालयात नोंदवावी, पुढचे काम पाहण्यासाठी दूतावासाच्या सल्ल्याने कोणाला तरी अधिकारपत्र द्यावे, आणि करार, इकामा, पगाराच्या बँक-नोंदी यांच्या प्रती घरी पाठवून ठेवाव्यात. हा सल्ला फुकाचा वाटू नये. १९९० मध्ये कुवेतमधून सर्वस्व सोडून आलेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये भरपाई आयोग नेमला, इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून निधी उभारला, आणि सरकारांमार्फत आलेल्या दाव्यांवर एकट्या माणसाला किमान २,५०० आणि कुटुंबाला ५,००० डॉलर मंजूर केले. त्या दाव्यासाठी मोठा पुरावा मागितला गेला नव्हता. आपण तेथे होतो आणि २ ऑगस्ट १९९० नंतर तेथून निघालो, एवढे दाखवणारा साधा कागद पुरेसा होता.